जयवंत मास्तरांची साक्ष

१ जानेवारी १८९५, मंगळवार

नवं साल, नवी वही. संकल्प केले ते असे. रोज पहाटे उठून तासभर प्रार्थना. तंबाखू बंद. गुणवंतीवर आवाज चढवायचा नाही. शाळेत पोरांना छडी मारायची झाल्यास आधी मनात एक स्तोत्र म्हणायचं, मग मारायची. आणि ही वही कोणाला दाखवायची नाही. ही देवाची आणि माझी. तेव्हा इथे खरं तेच लिहीन.

आजची पहाट हुकली. काल वर्षअखेरची उपासना लांबली, निजायला उशीर झाला. देव काही सरकारी इन्स्पेक्टर नाही. तो समजून घेतो. उद्यापासून नक्की.

३ जानेवारी, गुरुवार

पहाटे जाग आली. थंडी फार. गोधडीत पडल्या पडल्याच प्रार्थना सुरू केली. ती कुठपर्यंत गेली हे सांगता येत नाही. गुणवंतीने हलवलं तेव्हा दूधवाला येऊन गेला होता. असो. मनातली भावना महत्त्वाची.

तंबाखू मात्र परवापासून नाही. संध्याकाळी थोडी घेतली, दाढ दुखत होती म्हणून. ते औषध.

६ जानेवारी, रविवार

आज उपासनेनंतर चिंतामणी नावाच्या नव्या माणसाने साक्ष दिली, प्रभूकडे कसा आला ते सगळ्यांपुढे सांगितलं. वय पंचविशीचं. पुण्याचा ब्राह्मण. बाप्तिस्मा घेऊन दोन वर्षं झाली. बापाने घराबाहेर काढलं, बायकोला तिच्या माहेरचे घेऊन गेले, आई वारली तर तोंडसुद्धा पाहू दिलं नाही. सगळी मंडळी रडली. पाळक गणपतराव रडले. मागच्या बाकावरचे पेन्शनर हवालदार, जे प्रत्येक सर्मनला झोपतात, तेही जागे होऊन रडले. मीही रडलो. खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो, थोडा हेव्याने रडलो.

माझी अडचण कोणी समजून घेत नाही. मी जन्माचा ख्रिस्ती. सोसायचं ते सगळं वडिलांनी सोसून टाकलं, माझ्यासाठी काही शिल्लक ठेवलं नाही. माझा बाप्तिस्मा झाला तेव्हा मी महिन्याचा होतो आणि झोपलेला होतो. आता माणसाने साक्ष द्यायची तरी कशाची? पगार वेळेवर मिळाल्याची?

गणपतरावांनी जाहीर केलं, या वर्षी शुभ शुक्रवारी संध्याकाळी साक्षींची सभा आहे, मिशनचे साहेब येणार आहेत. शिवाय परळला नवी ख्रिस्ती मंडळी निघतेय, तिला उपदेशक नेमायचा आहे. ज्याच्या आयुष्यात प्रभूने काही केलंय असा माणूस पाहिजे, म्हणाले. हे म्हणताना माझ्याकडे पाहिलं असं मला वाटलं. गुणवंती म्हणते, दाराकडे पाहिलं.

९ जानेवारी, बुधवार

आज सासूबाईंचं म्हावरं आलं. हा प्रकार एकदा लिहून ठेवतो, बाहेर कोणाला सांगण्यासारखा नाही.

गुणवंती माझगावच्या कोळ्यांची. लहानपणी डोळे आले म्हणून मिशनच्या दवाखान्यात जायची, तिथल्या बाईंपाशी वाचायला शिकली आणि सोळाव्या वर्षी आपण होऊन बाप्तिस्मा घेतला. जातीने तिच्या नावाने मडकं फोडलं. म्हणजे ती मेली. तिला घरात घ्यायचं नाही, तिच्या हातचं खायचं नाही, तिला काही द्यायचं नाही. पुढे मिशनने आमचं लग्न लावलं. पण कोळणीने मासळी कोणाला विकावी याला जातीची मनाई नाही. तेव्हा मंजुळाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दर बुधवारी पाटी डोक्यावर घेऊन गिरगावात येतात, आमच्या चाळीखाली उभ्या राहतात आणि आरोळी देतात, म्हावरं हाय गो, ताजं म्हावरं! गुणवंती हातातलं टाकून खाली पळते. दोघी भाव करतात. तावातावाने भांडतात. भांडता भांडता काय बोलायचं ते बोलून घेतात. मग गुणवंती एक पैसा देते आणि पाटीतलं सगळ्यात मोठं पापलेट घेऊन वर येते. पैसा हातावर पडला की तो व्यापार. मग ना बाट, ना दंड.

माझ्याशी त्या बोलत नाहीत. मास्तर जेवतो का गो नीट, एवढं लेकीला विचारतात.

मला हा सगळा पोरखेळ वाटतो. खरी श्रद्धा म्हणजे एक घाव दोन तुकडे. ती अशी जिन्याखाली भाव करीत बसत नाही. पापलेट उत्तम होतं. डोकंही खाल्लं.

२० जानेवारी, रविवार

गुणवंतीला म्हटलं, बायकांच्या बाजूने तू साक्ष दे. नवरा-बायको दोघांच्या साक्षी झाल्या तर साहेबांवर इम्प्रेशन चांगलं पडेल. ती म्हणाली, काय सांगू? म्हटलं, जातीने टाकलं, आई तुटली, ते सांग. म्हणाली, आई कुठे तुटली, बुधवारी येते की. म्हटलं, बरं बाई, प्रभूकडे कशी आलीस ते तरी सांग. ती तांदूळ निवडत होती. एक खडा बाजूला टाकला आणि म्हणाली, त्याने बोलावलं, मला बरं वाटलं, मी आले.

झालं! याला काय साक्ष म्हणतात? याच्यात कोण रडणार?

बाईत धार्मिक वळण कमी. गुरुवारच्या प्रार्थनासभेला नव्हती. खालच्या शेवंताबाईंची सून अडली होती म्हणून रात्रभर तिथे. मी सभेत एकटा. गणपतरावांनी विचारलं, गुणवंतीबाई कुठे? मी सांगितलं, प्रकृती बरी नाही. कोणाची ते त्यांनी विचारलं नाही.

१० फेब्रुवारी, रविवार

निश्चय झाला. छळ आपल्याकडे येत नसेल तर आपण छळाकडे जावं. लालबागला गिरणीवाल्यांच्या चाळी आहेत. सगळे कोकणातले, देवभोळे, तापट. तिथे भर चौकात उभं राहून उपदेश करायचा. दगड येतील. आले तर यावेत. कपाळाला लागलेलं बरं, दिसतं. डोळा मात्र सांभाळायचा.

गुणवंतीने विचारलं, डबा देऊ का? हुतात्म्याला डबा! मी तसाच निघालो. पण तिने तो द्यायला हवा होता, परत येईपर्यंत पोटात कावळे ओरडत होते.

झालं ते असं. मी उभा राहिलो, मोठ्याने सुरुवात केली. दगडू नावाचा एक दांडगा जॉबर, गिरणीतला मुकादम, पुढे आला. मी डोळे मिटले. तो मागे वळून बाकीच्यांवर खेकसला, गप बसा रे, बुवा काय बोलतोय तो ऐका. मग कोणी स्टूल आणलं. कोणी पाणी. मी मूर्तिपूजेवर कडक बोललो, मुद्दाम. ते माना डोलवत होते. शेवटी गीत म्हटलं तर टाळ आले, मृदंग आला, आणि त्यांनी ते गीत माझ्यापेक्षा बरं म्हटलं. दगडू म्हणाला, बुवा, पुढच्या ऐतवारी पण येवा, आमचं पण भजन असतंय.

अशा लोकांचं काय करावं? हाय रे दैवा! इतका अपमान आयुष्यात झाला नव्हता.

१७ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा लालबाग. आज जास्त कडक बोललो. दगडूने भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खायला लावली. निघताना केळ्याच्या सालीवरून पाय घसरला आणि गुडघा फुटला. धोतर रक्ताने भरलं.

साल कोणी टाकली हे कसं सांगता येईल? मुद्दाम टाकली नसेल असं छातीठोकपणे कोणी म्हणू शकत नाही.

२४ फेब्रुवारी, रविवार

उपासनेला लंगडत गेलो. चार जणांनी विचारलं. मी एवढंच म्हणालो, लालबागला उपदेशाला गेलो होतो. पुढचं लोकांनी आपलं आपण समजून घेतलं. खोटं एक अक्षर बोललो नाही. गणपतरावांनी मात्र गुडघ्याकडे पाहून विचारलं, पडलात का? या माणसाला कल्पनाशक्ती नाही.

गुणवंतीने हळद लावली. लावताना हसत होती.

१३ मार्च, बुधवार

आजही मासळी नाही. मागच्या बुधवारी नाही, त्याच्या मागच्या बुधवारी नाही. महिना होत आला, वांगी आणि डाळ, डाळ आणि वांगी. गुणवंतीला म्हटलं, तुझ्या आईचा हा काय बेभरवशाचा कारभार? एवढं बोलायला नको होतं, पण पोटाला कळत नाही. ती खिडकीतच उभी होती. रस्त्याने दुसऱ्या कोळणी गेल्या. धावत खाली जाऊन त्यांना विचारून आली. आईला खोकला आहे, म्हणाली. खोकला काय सगळ्यांनाच असतो. मलाही आहे. त्याचं कोणाला काही नाही.

पहाटेची प्रार्थना तूर्त संध्याकाळी करावी असं ठरवलंय. पहाटे मन प्रसन्न नसतं.

२८ मार्च, गुरुवार

गणपतरावांकडे साक्षीसाठी नाव दिलं. कशाची, ते अजून ठरलेलं नाही. ते प्रभू पुरवील. गुडघा आता बरा झाला, त्याचा उपयोग नाही.

७ एप्रिल, रविवार. दुपार

मेहुणा धर्मा आला होता. घरात आला नाही, जिन्यात उभा राहिला. तांबडी टोपी काढून हातात धरली होती. म्हणाला, आयेचं काय खरं नाय. छातीत पाणी झालंय. पाटलाला विचारलं, पंचांच्या पाया पडलो. घरात नाय घ्यायचं म्हणतात, पण गुणी ओट्यावर बसली तर कोण काय बोलणार नाय. आयेला आम्ही दारात आणून निजवतो. म्हणजे हात लागेल. मास्तर, तिला पाठवा.

गुणवंती पीठ मळत होती. तसेच भरलेले हात पुसत निघाली. मी म्हटलं, थांब.

का थांब, ते लिहितो. तिथे भगत असणार, अंगारे असणार, कोंबडं फिरवणं असणार. ख्रिस्ती बाईने तिथे बसायचं? आणि ओट्यावर? म्हणजे त्यांचा विटाळ आपण कबूल केला. तत्त्वाचा प्रश्न आहे. मंडळीत कोणाच्या कानावर गेलं तर काय म्हणतील? गुणवंती म्हणाली, आईबापांचा मान राखायची आज्ञा आपल्याच शास्त्रात आहे ना हो? पॉइंट बरा होता. पण संदर्भ निराळा.

मी म्हटलं, आपण प्रार्थना करू, उत्तर येईल तसं वागू. ती लगेच गुडघ्यांवर बसली. मी प्रार्थना चालवली. फार सुंदर झाली, उगाच नाही लोक माझ्या प्रार्थनेचं नाव काढत. उत्तर आलं की थांबा. गुणवंती म्हणाली, मला तर जा असं आलं. मी समजावलं, उत्तर घरधन्याला येतं.

धर्मा बराच वेळ उभा होता. मग टोपी घालून गेला.

त्याच दिवशी, संध्याकाळ

देवा, तुझी करणी अगाध! आत्ता चहा पिताना एकदम लख्ख प्रकाश पडला. मी साक्ष शोधत लालबागपर्यंत वणवण केली आणि ती माझ्या जिन्यात टोपी काढून उभी होती. शास्त्रात म्हटलंय तसं, नांगराला हात घातला, आता मागे वळून पाहणं नाही! सासू मरणाच्या दारी, बोलावणं आलंय, आणि आम्ही प्रभूसाठी गेलो नाही! चिंतामणीला तर कोणी बोलावलंच नव्हतं. आम्हाला बोलावलंय, तरी गेलो नाही. हे त्याच्याहून वरचढ आहे.

९ एप्रिल, मंगळवार

साक्ष लिहून काढली. आरशासमोर म्हणून पाहिली. शेवटी आवाज जरा कापवला तर फार परिणाम होतो.

गुणवंती सकाळी पुन्हा म्हणाली, जाऊन येते, नुसतं तोंड पाहून येते, माझगाव काय लांब आहे? मी शांतपणे सांगितलं, शुक्रवार होऊ दे. शनिवारी आपण दोघं जाऊ, संत्री घेऊन जाऊ. म्हातारी माणसं चिवट असतात. आमची आजी तीनदा उचलून खाली ठेवली होती, नंतर पाच वर्षं जगली. ती भांडी घासायला बसली. माझं ऐकते, हे तिचं चांगलं आहे. देवाचं वचन मानावं तसं मानते.

आज साक्षीत एक वाक्य घातलं, माझ्या पत्नीच्या डोळ्यांत एक अश्रू नाही. ते खरं आहे. रडलेली मी तरी पाहिली नाही.

१० एप्रिल, बुधवार

ती आज नेहमीच्या वेळेला खाली जाऊन उभी राहिली. कोण येणार होतं? दुसऱ्या कोळणी येऊन गेल्या, तरी उभीच. शेवटी शेवंताबाई हाताला धरून वर घेऊन आल्या आणि माझ्याकडे असं पाहिलं की जसं काही मीच म्हातारीला खोकला लावला.

जेवली नाही. उपास का, विचारलं. हो म्हणाली. या पवित्र आठवड्याला शोभण्यासारखं आहे. मी तिचं कौतुक केलं.

११ एप्रिल, गुरुवार

धर्मा परत आला. गुणवंती उपासनामंदिर झाडायला गेली होती, उद्याची तयारी. मी एकटा घरात. त्याने जिन्यातूनच निरोप सांगितला. आये म्हणते, गुणीला सांग, तू तुझ्या देवाशी बोलतेस ना, ते एकदा माझ्यापाशी बसून बोल. मला त्याचं नाव नीट घेता येत नाय.

आता हा शुद्ध भोळेपणा. वैद्य झाला, भगत झाला, आता आमचा देव राहिला होता. मंत्र समजून मागतात. याला काही श्रद्धा म्हणत नाहीत. मी धर्माला सांगितलं, शनिवारी दोघं येतो. तो म्हणाला, शनवार लांब हाय, मास्तर. मी म्हटलं, परवाच तर आहे.

गुणवंती आली तेव्हा सांगणार होतो. जिभेवर आलं होतं. पण हे ऐकून ती उभ्या पावली निघाली असती आणि उद्याची सभा... म्हणजे उद्याच्या पवित्र दिवशी तिचं मन विचलित झालं असतं. शनिवारी वाटेत सांगेन. वाटेत बोलायला काहीतरी लागतंच.

निरोप साक्षीत घालावा का, याचा विचार केला. नको. सूर बिघडतो.

१२ एप्रिल, शुभ शुक्रवार. सकाळ

धुतलेला अंगरखा, उपरणं. आवाज मोकळा आहे, खडीसाखर खाल्ली. दुपारची उपासना, मग तिथेच थांबून संध्याकाळची सभा. गुणवंती बरोबर आहे. हे प्रभो, तुझ्या गौरवासाठी मला वापर.

१३ एप्रिल, शनिवार

कसं लिहू कळत नाही. क्रमाने लिहितो.

साक्ष फार उत्तम झाली. हे लिहायला हरकत नाही, कारण झालीच तशी. साहेबांनी मान हलवली. बायकांच्या बाजूला हुंदके ऐकू आले. मी शेवटचं वाक्य म्हटलं, आणि या घटकेला ती माउली मरणाच्या दारी आहे, आम्ही गेलो नाही! आवाज कापवायची गरजच पडली नाही, तो आपोआप कापला. खाली बसलो.

चिंतामणी उठला आणि माझ्याकडे आला. मला वाटलं, गळ्यात पडणार. मी उभासुद्धा राहिलो. त्याने विचारलं, तुम्हाला बोलावलं होतं? मी म्हटलं, हो तर, दोनदा.

तो म्हणाला, मास्तर, मी आईच्या दारात दोन दिवस उभा होतो. दार उघडलं नाही. कोणी नुसतं ये म्हटलं असतं तर मी रांगत आत गेलो असतो हो. मी काही सोडलं नव्हतं, माझ्याकडून ओढून घेतलं. तुम्हाला बोलावलं आणि तुम्ही गेला नाहीत? असं म्हणून तो सगळ्यांदेखत रडायला लागला. माझ्यासाठी रडत होता की आईसाठी, कोण जाणे.

गणपतराव पुढे आले. आवाज न चढवता विचारलं, जाऊ नका असं कोणी सांगितलं तुम्हाला? मी म्हटलं, प्रार्थना केली होती.

मग बायकांच्या बाजूने गुणवंती उठली. एवढ्या लोकांत तिने माझ्याशी बोलायची ही पहिलीच वेळ. म्हणाली, दोनदा?

मी म्हटलं, घरी गेल्यावर सांगतो. ती घरी गेली नाही. चपला हातात घेतल्या आणि तशीच निघाली. गणपतराव आणि त्यांच्या पत्नी तिच्या मागे धावले. मी जाणारच होतो. पण साहेब दाराशी होते, त्यांना न भेटता जाणं बरं दिसलं नसतं. तोवर अंधार पडला. म्हणून आज सकाळी गेलो. संत्री घेऊन गेलो.

म्हातारी काल दुपारी गेली. आम्ही उपासनेत होतो तेव्हा. धर्मा सांगायला गिरगावात आला तर घराला कुलूप. सगळं उरकूनही झालं होतं. गुणवंतीला राख पाहायला मिळाली. ती ओट्यावर बसली होती. कोळणी तिच्याभोवती बसल्या होत्या, शिवू नये म्हणून हातभर अंतर ठेवून, पण चहूबाजूंनी. त्यांतली एक म्हणत होती, ओट्यावर पाय वाजला की विचारायची गो, गुणी आयली काय?

मी संत्री कुठे ठेवावी ते कळेना. धर्माने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गुणवंतीला म्हणाला, मी मास्तरांना सांगितलं होतं, गुणे. आये काय मागत होती ते सांगितलं होतं. आणि मग त्याने तो निरोप पुन्हा सांगितला. शब्दन् शब्द. देवाशी बोल, नाव घेता येत नाय, सगळं.

गुणवंती ओरडेल असं वाटलं होतं. तिने ओरडायला हवं होतं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, मी दर बुधवारी तिला सांगायची रे, भाव करता करता. तिने ऐकलं होतं तर.

मी लगेच सांगितलं की माझा हेतू चांगला होता. हे कोणालाच ऐकू गेलं नाही.

१४ एप्रिल, ईस्टर

उपासनेला गेलो. मागे बसलो, हवालदारांच्या शेजारी. परळला चिंतामणीला नेमलं. त्याने मागितलं नव्हतं म्हणे.

माझ्यावर थोडा अन्याय होतोय असं वाटतं. नियम मी मोडला नाही. चोरी केली नाही. एक निरोप दोन दिवस उशिरा... सांगितलाच नाही. धर्माने सांगितला.

गुणवंती माझगावलाच आहे. शेवंताबाई ताट आणून देतात. खाली ठेवतात आणि निघून जातात.

१७ एप्रिल, बुधवार

खालून आरोळी आली, म्हावरं हाय गो. मी खिडकीपर्यंत धावलो. दुसरीच होती.

मला ती बाई कधी एक शब्द बोलली नाही, आणि तिच्या हातचं मी सहा वर्षं खाल्लं. एकदाही खाली उतरून रामराम केला नाही. आज दिवसभर हेच डोक्यात. शाळेत मुलांना सुट्टी दिली.

२१ एप्रिल, रविवार

आज दहावा. माझगावला गेलो. न बोलावता. वाट खरंच लांब नाही.

गुणवंती त्याच ओट्यावर होती. आतून तिच्या बापाने भाकर सरकवली होती, ती मोडून खात होती. मला पाहून सरकली आणि जागा केली. मी बसलो. म्हटलं, मला माफ कर. अजून काही बोलायचं ठरवून आलो होतो, चांगलं मुद्देसूद, पण एवढंच तोंडातून निघालं. ती म्हणाली, माफ करीन, देवाने सांगितलंय तर करावंच लागेल, पण आज होत नाही, मला वेळ द्या. उद्या परवा घरी येईन. तुमच्या जेवणाचे हाल होत असतील.

आई गेली त्या पोरीची, आणि माझ्या जेवणाचं विचारते! मला रडू कोसळलं. आरशासमोर केलं होतं तसलं नव्हे. नाक गळत होतं, लाज वाटत होती, कोळ्यांची पोरं बघत होती.

निघताना तिने एक काम सांगितलं. म्हणाली, तुमची प्रार्थना मोठी, सगळे म्हणतात. माझी दहा दिवस घशातच अडकतेय. तेव्हा तुम्ही माझ्यासाठी एक विचारा. आई शेवटी मला हाक मारत होती, मी गेले नाही. ती तिकडे पोचली असेल तर तिला कोणी सांगितलं का, की गुणीला निरोप मिळाला नव्हता? एवढंच विचारा.

उपहासाने नाही म्हणाली. मी नीट पाहिलं तिच्याकडे. मनापासून म्हणाली.

घरी आलो. दार लावलं. गुडघ्यांवर बसलो. खोलीत कोणी नाही. गणपतराव नाहीत, साहेब नाहीत, आमेन म्हणायला कोणी नाही. सुरुवात केली, हे सर्वसमर्थ, हे दयासागर, आणि थांबलो. ही सगळी नावं मला तोंडपाठ. मंजुळाबाईंना एकही येत नव्हतं.

विचारायचं तर एकच होतं. निरोप मिळाला नव्हता हे तिला सांगितलंस का? पण हे विचारलं की तो मला विचारणार, का नाही मिळाला?

आज प्रार्थना केली नाही.